मातीला द्यायचं लेकरू

आमचा धाकटा वारला तेव्हा तो नुकता कुठे वाक्यं जुळवायला लागला होता. अर्धं मराठी, अर्धं जपानी. "बाबा, देंशा आली!" म्हणायचा. देंशा म्हणजे आगगाडी. आमच्या इमारतीच्या मागून गाडी जायची आणि तो हातातलं टाकून खिडकीशी पळायचा. तोंडात घास असला तर घासासकट.

मी जपानात, सेंदाई शहरात आलो तो विद्यापीठात संशोधन करायला. दोन वर्षांत परत जायचं असं ठरवून आलो आणि मग सेन्सर बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत चिकटलो. बायको पुण्यात फिजिओथेरपिस्ट होती. इथे तिचा परवाना चालत नव्हता, म्हणून सुपरमार्केटात तयार भाज्यांच्या काउंटरवर ती बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. मोठी मुलगी होइकुएनच्या, म्हणजे पाळणाघराच्या, शेवटच्या वर्गात होती. तोक्यो-योकोहामाकडे मराठी लोकांचे गणपती बसतात, फराळाच्या पंगती होतात. आमच्या भागात तेव्हा दुसरं मराठी घर नव्हतं, आणि त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. आम्ही चौघं एकमेकांना पुरत होतो.

फेब्रुवारीत त्याला सर्दी झाली. पाळणाघरातल्या निम्म्या मुलांना झाली होती. दवाखान्यात नेऊन आणलं, औषध पाजलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो जागा होता, पण उठून बसेना. दूध पुढे केलं तर तोंड फिरवलं. बायको त्याचे पाय चोळत होती. ती एकदम थांबली.

"अरे, अंग तापलंय आणि पाय गार आहेत याचे."

मी अँब्युलन्स बोलावली. हॉस्पिटलात त्याला आमच्या हातांतून घेऊन आत नेलं आणि दार लागलं. दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी आधी टोपी काढली. त्या टोपीवरूनच मला कळलं. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आली होती, असं ते म्हणाले. फार थोड्या मुलांना होतं आणि फार भरभर होतं.

"काल आणलं असतं तर?" बायकोने विचारलं.

"काल कळलं नसतं. काल ती सर्दीच दिसली असती."

ती तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहिली. प्रत्येक वेळी ते तेच उत्तर संपूर्ण, सोप्या जपानीत देत राहिले. मग तिने इंग्रजीत विचारलं. शेवटी मराठीत विचारलं. मराठीत विचारलेल्यालाही त्यांनी मान हलवून उत्तर दिलं.

इथे माणूस गेल्यावर लगेच काही करता येत नाही, एक दिवस थांबावं लागतं. अंत्यसंस्कार करणाऱ्या कंपनीची माणसं आली आणि त्याला आमच्या घरी आणून पोचवलं. तातामीच्या, म्हणजे गवती चटया अंथरलेल्या, खोलीत गादी घातली. त्याच्या अंगाखाली बर्फाच्या पिशव्या ठेवल्या आणि वरून हीटर बंद ठेवायला सांगितलं. बाहेर बर्फ पडत होता. आम्ही तिघं त्या थंड खोलीत कोट घालून बसलो.

आमच्याकडे असं झालं की शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन येतात. घरातली चूल पेटवायची नसते. इथे कोण येणार? पण दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या ऑफिसातले एक वयस्कर सहकारी आले. मी कामाला लागल्यापासून त्यांनी मला सांभाळून घेतलं होतं, मी त्यांना सेनपाई, म्हणजे ज्येष्ठ, म्हणायचो. त्यांच्या बायकोने तांदळाचे गोळे वळून पाठवले होते आणि थर्मासमध्ये मिसोचं गरम सार. त्या दोघांना आमच्यातली रीत माहीत असण्याचं कारण नव्हतं. पण मुलगी ते खाऊ शकली, आणि तिला भूक लागली होती हेच आमच्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

मग मी आईला फोन केला.

आई कऱ्हाडजवळच्या आमच्या गावी असते. वडील गेल्यापासून धाकट्या भावाकडे. मी सांगितलं तेव्हा ती ओरडली नाही. मागे कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "जाळू नकोस त्याला."

"काय?"

"एवढ्या लेकराला अग्नी देत न्हाईत. मातीला द्यायचं असतं. खाली मीठ घाल, पांढऱ्या कापडात गुंडाळ, आणि मातीला दे. ऐकतोयस ना?"

"आई, इथे पुरत नाहीत. इथे सगळ्यांनाच..."

"मग शोध. एवढासा जीव, त्याला कितीशी जागा लागणार हाय?"

मी फोन ठेवला आणि सेनपाईंना सांगितलं. मला वाटलं, ते समजूत घालतील. त्यांनी गाडीची किल्ली घेतली. "चला, विचारून तरी बघू," म्हणाले.

तो सगळा दिवस आणि दुसरा अर्धा दिवस मी माझ्या मुलासाठी हातभर जमीन शोधत फिरलो. वॉर्ड ऑफिसातल्या बाईंनी आत जाऊन कुणाला तरी विचारलं. कायद्याने मनाई नाही, पण पुरू देणारं स्मशानच या शहरात नाही, असं त्यांनी खाली बघत सांगितलं. एका देवळात गेलो, दुसऱ्या देवळात गेलो. एका चर्चची टेकडीवर जुनी दफनभूमी होती. तिथले पाद्री म्हणाले, आता आम्हीही रक्षाच ठेवतो. सगळीकडे आम्हाला चहा मिळाला. सगळीकडे माणसं उठून वाकून निरोप द्यायला दारापर्यंत आली. जमीन कुठे मिळाली नाही. गाडीत सेनपाई फोनवर बोलायचे आणि मी काचेवरचे वायपर बघत बसायचो. त्या फिरण्यात मला एक आधार होता, हे मी आज कबूल करायला हरकत नाही. शोधायचं काम संपेपर्यंत तो जणू पुरता गेलेला नव्हता.

शेवटी कुणीतरी दक्षिणेकडच्या एका कब्रस्तानचा नंबर दिला. गाडीने बरेच तास लांब. फोन उचलला तो माणूस हिंदीत बोलायला लागला आणि मला रडू फुटलं. एवढ्या वेळात पहिल्यांदाच. त्याने मला रडू दिलं. मग म्हणाला, "भाईसाहब, बच्चे का कौन सा मज़हब. मैं कमिटी से पूछता हूँ." संध्याकाळच्या आत त्याचा उलट फोन आला. कमिटी हो म्हणाली होती. कोपऱ्यातली एक जागा देऊ म्हणाले.

मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. बायकोला सांगितलं. ती त्याच्या डोक्याशी बसली होती. हातमोजे घालून. त्याचे केस ओल्या कापसाने पुसून तिने भांग पाडला होता.

"किती लांब आहे?" तिने विचारलं.

मी सांगितलं.

"तिथे कोण आहे त्याचं?"

"कोण असणार? पण माती तरी..."

"आणि मी कशी जाऊ तिथे? वर्षातून एकदा? गाडी करून?"

"मग त्याला गावी घेऊन जाऊ. विमानाने नेता येतं, मी विचारलंय."

"सामानात?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "विमानाच्या पोटात, बॅगांबरोबर? एकटा? मी वर सीटवर बसू आणि तो खाली गारठ्यात?"

मी तिच्याशेजारी खाली बसलो.

"इथेच काय ते कर," ती म्हणाली. "जे सगळ्यांचं करतात ते. मला चालत किंवा बसने जाता येईल असं काहीतरी हवं. आईंना मी सांगते."

तिने खरंच फोन लावला. मी खोलीच्या बाहेर उभा होतो. "आई, मी ठरवलंय," एवढंच तिचं वाक्य मला ऐकू आलं. नंतर ती बराच वेळ ऐकत होती. फोन ठेवून आली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. आई काय म्हणाली ते तिने मला सांगितलं नाही, आणि आईनेही कधी नाही. त्या दिवसापासून आईने सुनेशी बोलणं टाकलं. माझ्याशी बोलायची. नातीशी बोलायची. सुनेचं नाव निघालं की, "बरं, ठेवते आता."

दहनाची वेळ भल्या सकाळची मिळाली. कंपनीच्या माणसाने हलक्या आवाजात कारण सांगितलं. भट्टी गार असताना लहान मुलांना पहिल्यांदा घेतात, आच मंद ठेवतात. नाहीतर एवढ्या लहान जिवाचं मागे काही उरत नाही. इथल्या रीतीत मागे उरलेलं घरच्यांच्या हाती द्यायचं असतं, म्हणून ही काळजी.

पेटी पांढरी होती, माझ्या दोन्ही हातांत मावेल एवढी. बायकोने त्याला आईने पाठवलेलं दुपटं पांघरलं होतं. आईच्या जुन्या साड्यांचं, हाताने टाके घातलेलं. मुलीने त्याची खेळण्यातली हिरवी शिनकानसेन, ती वेगवान आगगाडी, आणली होती. ती प्लॅस्टिकची म्हणून आत ठेवता येणार नाही, असं त्या माणसाने तिच्यापुढे गुडघे टेकून सांगितलं. ती रडली नाही. कागद मागून घेतला आणि तिथेच जमिनीवर पालथं पडून हिरव्या खडूने गाडी काढली. खिडक्या काढल्या. खिडकीत एक तोंड काढलं. सगळे थांबले होते, कुणी तिला घाई केली नाही.

मग वरच्या एका खोलीत आम्हाला बसवलं. पुन्हा बोलावलं तेव्हा समोर लोखंडी ताट होतं आणि ताटावर तो. मला वाटलं होतं त्याहून कमी आणि मला वाटलं होतं त्याहून जास्त. बारीक, पांढरं, शिंपल्याच्या तुकड्यांसारखं. बायको भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

आमच्या हातांत लांब चॉपस्टिक्स दिल्या. दोघांनी मिळून एक हाड उचलायचं आणि मातीच्या कुंभात ठेवायचं. सेनपाईंनी मला खुणेने दाखवलं. माझ्या चॉपस्टिक्सची टोकं एकमेकांवर आपटून आवाज यायचा. मुलगी माझ्या कोटाला धरून उभी होती. ती जपानीत म्हणाली, "पण असं करायचं नसतं ना? पाळणाघरात सेन्सेई ओरडतात."

तिचं बरोबर होतं. दोघांनी चॉपस्टिक्सनी एकच घास धरायचा नसतो, हे इथल्या पोरांना पहिल्याच वर्षी शिकवतात. का ते सांगत नाहीत. तिला ते आता कळत होतं.

सेनपाई म्हणाले, "आज करायचं असतं. फक्त आज."

तिने चॉपस्टिक्स घेतल्या. आमच्या घरात त्या सगळ्यात सफाईने तिलाच धरता यायच्या. तिने माझ्या बरोबरीने एक तुकडा उचलला, तो न पडू देता नेऊन ठेवला आणि दुसऱ्याकडे वळली. माझ्या टोकांतून काही निसटायला लागलं की ती खालून आधार द्यायची. थोड्या वेळाने बायको भिंतीपासून वळली. तिने चॉपस्टिक्स घेतल्या नाहीत. ताटाशी आली आणि हातांनीच उचलायला लागली. तिथल्या माणसाने पुढे पाऊल टाकलं होतं, ते मागे घेतलं. गरम असणार. तिने हात झटकला नाही.

कुंभ घरी आला. इथे तो घरातच ठेवतात, काही आठवडे, मग देवळाच्या स्मशानात नेतात. आमच्याकडे अस्थी घरात आणत नाहीत. मला ते माहीत होतं आणि बायकोलाही माहीत होतं. ती म्हणाली, "माझं लेकरू मी उंबऱ्याबाहेर ठेवणार नाही." तातामीच्या खोलीतल्या बुटक्या कपाटावर तिने तो ठेवला आणि रोज सकाळी पुढे वाटीत दूध ठेवायला लागली.

एप्रिलमध्ये मुलगी शाळेत जायला लागली. पाठीवर ते कडक दप्तर, डोक्यावर पिवळी टोपी. तिने घरात मराठी बोलणं बंद केलं. आम्ही मराठीत विचारायचो, ती जपानीत उत्तर द्यायची. तिच्या टीचर म्हणाल्या, होतं असं, येईल परत. बायकोने काउंटरवरचं काम सोडलं. सकाळी कचरा वेगवेगळ्या पिशव्यांत करून खाली ठेवून यायची तेवढंच तिचं बाहेर जाणं. मी ऑफिसात मात्र वेळेवर जायचो आणि उशिरापर्यंत बसायचो. तिथे मला कुणी काही विचारत नसे. घरात आम्ही कामाचं बोलायचो. दूध संपलंय. गॅसवाला येऊन गेला. कधीतरी मी सहज म्हटल्यासारखं म्हणालो, "उन्हाळ्यात जाऊन कृष्णेत सोडून येऊ या का? आईलाही बरं वाटेल."

ती कांदा चिरत होती. सुरी खाली ठेवून म्हणाली, "आईंना बरं वाटावं म्हणून?"

"तसं नाही. त्यालाही... पाण्यात सोडल्याशिवाय म्हणतात की..."

"तू जा. तो येणार नाही."

पुन्हा मी तो विषय काढला नाही. पण तिने दुधाची वाटी ठेवली की मला त्या खोलीतून उठून जावंसं वाटायचं, आणि मी उठून गेलो की तिला ते दिसायचं. एका घरात राहून आम्ही एकाच मुलासाठी वेगवेगळे रडत होतो. तिचं रडणं मला हट्ट वाटायचं. माझं रडणं तर तिला दिसतच नव्हतं.

शरद ऋतूत आई आली. भावाने तिकीट काढून दिलं, पण यायचं तिनेच ठरवलं होतं. "नातीला बघायचंय" म्हणाली. उभ्या जन्मात तिने विमान पाहिलं नव्हतं. नऊवारी, वर माझं जुनं स्वेटर, पायांत मोजे आणि चपला, अशी ती विमानतळाच्या दारातून बाहेर आली. सून पुढे होऊन पाया पडली. आईने हात तिच्या डोक्यावर ठेवला खरा, पण नजर दुसरीकडे होती.

घरात आल्यावर तिने तातामीच्या खोलीत पाऊल टाकलं आणि कुंभ बघून जागीच थांबली.

"हे काय हाय?"

ती कपाटाजवळ गेली.

"अस्थी? घरात? इतके महिने?" ती माझ्याकडे वळली. "तू बाप हायस का कोण हायस? तिला कळत न्हाई, तुला तरी कळतंय का?"

"आई, मला कळतं," बायको म्हणाली. "मीच ठेवलंय."

"जीव अडकतो पोरी! त्याला जाऊ दे की!"

"कुठे जाऊ दे?" बायको म्हणाली. "तुम्ही सांगा, कुठे? तो अडीच वर्षांचा आहे. त्याला रस्ता ओलांडता येत नाही."

आईने तोंडाला पदर लावला. मला वाटलं, आता मोठं भांडण होणार. मी मुलीला घेऊन खाली उतरलो. कोंबिनीत गेलो, तिला आइस्क्रीम घेऊन दिलं आणि दुकानाबाहेर तिच्याशेजारी बसून राहिलो. घरी जायचं धाडस होत नव्हतं. शेवटी तीच जपानीत म्हणाली, "थंडी वाजतेय."

आम्ही वर आलो तर आवाज नव्हता. दोघी तातामीवर बसलेल्या. कुंभ आईच्या मांडीवर होता. त्याला तिने दोन्ही हातांनी असं धरलं होतं, जसं तेल लावायला मूल मांडीवर घेतात. ती बोलत होती आणि मी आत आलेलो बघूनही थांबली नाही.

मला एक बहीण होती, माझ्या आधीची. ती "राहिली न्हाई" एवढंच आमच्या घरात बोललं जायचं. आई तिच्याबद्दल सांगत होती.

"चालायला लागली होती. भिंतीला धरून. जुलाब लागलं आन दोन रोजात संपली. माझ्या मांडीवरनं उचलून न्येली. बायकांनी मागं यायचं नसतं म्हणाले. मी दारात. सासरे, माझे मालक आन दोन माणसं, कुदळ घिऊन गेली. आली ती पाय धुऊनच. मी इचारलं, कुठं ठिवली? तर सासऱ्यांनी असं बोट केलं. वढ्याकडं. तिकडं, म्हणाले."

आईने आमच्या खिडकीकडे बोट केलं.

"पुढं लई दिवसांनी गवताला गेले तवा शोधलं. वढ्याकाठी दगूडच दगूड. कुठला तिचा? ह्यांना इचारलं तर म्हणाले, ध्यानात न्हाई. मग मी एक दगूड धरला. माझ्या मनानंच. त्यालाच हळदकुंकू लावत आले. एवढी वर्सं झाली, तिथं ती हाय का न्हाई देवाला ठाऊक."

बायको तिच्याकडे बघत होती. तिने विचारलं, "आई, हे तुम्ही कुणाला सांगितलं होतं?"

"कुणाला सांगू? इचारलं कुणी?" आई म्हणाली. मग कुंभावरून हात फिरवत, "तुला हातात तरी मिळालं, पोरी. दुपटं कुठाय त्याचं?"

"त्याच्याबरोबर दिलं."

"बरं केलंस."

त्यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. आई जाईपर्यंत दोघींचे खटके उडतच राहिले, मिठावरून, नातीच्या केसांवरून, हीटरवरून. आई दुधाच्या वाटीकडे बघायची नाही. पण एक दिवस बायकोने उठायला उशीर केला, आणि मी बघितलं तर वाटी भरून ठेवलेली होती. मी ठेवली नव्हती.

आई परत जायच्या आधी बायकोने स्वतःच मातीला द्यायचा विषय काढला. सेनपाईंच्या घराण्याचं देऊळ शहराच्या टोकाला, डोंगराच्या उतारावर आहे. तिथल्या गुरुजींनी जागा द्यायची तयारी दाखवली होती. सेनपाई हे आधीच बोलले होते, मीच घरी सांगायचं टाळलं होतं, ते आता सांगितलं. बायकोने त्यांना फोन करून विचारलं. इकडच्या भागात कुंभ तसाच ठेवत नाहीत, दगडाखालच्या मोकळ्या मातीत अस्थी ओततात आणि त्या हळूहळू मातीत मिसळून जातात, असं तिला कळलं. तिने ते आईला मराठीत नीट समजावून सांगितलं. आईने दोनदा विचारलं, "खाली फरशी न्हाई ना?"

"नाही. माती आहे."

"त्यांच्या देवळात आपल्याला चालतंय का?"

"चालतं म्हणालेत."

ती सकाळ कोरडी होती, उन्हाची. गुरुजींनी मंत्र म्हटले, ते आम्हाला कळले नाहीत. दगड सरकवल्यावर खाली काळी माती दिसली. आईने पदराच्या गाठीतून मीठ काढून आत टाकलं. गुरुजींनी पाहिलं आणि मान झुकवली. बायकोला वाकायला सांगितलं तेव्हा तिचे हात पुढे होईनात. कुंभ तिने छातीशी धरला होता. आई तिच्या शेजारी मातीत बसली, नऊवारीसकट, आणि तिच्या हातांखाली आपले हात धरले. कुणी कुणाला ढकललं नाही. बराच वेळ गेला. मग दोघींचे हात एकदमच खाली गेले.

दगड परत सरकवताना मुलगी अचानक म्हणाली, "आत अंधार आहे." मराठीत म्हणाली. आईने तिला जवळ ओढून घेतलं.

आई गेली. आता ती फोनवर आधी सुनेला मागते. बायको पुन्हा कामावर जायला लागली, काउंटरवर नाही, एका वृद्धाश्रमात. म्हाताऱ्यांना चालायला मदत करते. घरातलं ते बुटकं कपाट रिकामं आहे. त्यावर काही ठेवावं असं कुणाच्या मनात येत नाही.

मला वाटलं होतं, मातीला दिल्यावर आमच्या दोघांतलं काहीतरी सुटेल. तसं झालं नाही. ती देवळात एकटी जायची, बसने, सुट्टीच्या दिवशी. "येतोस का" असं तिने विचारलं नाही आणि मीही "येऊ का" म्हणालो नाही. मी जायचो ते ऑफिसातून मधेच निघून, कुणाला न सांगता. तिथे काही करायचो नाही. दगडावरची पानं काढायचो, जरा वेळ उभा राहायचो आणि परत यायचो. घरी त्याबद्दल बोलायचो नाही.

गेल्या हिवाळ्याच्या शेवटी एकदा मी असाच गेलो. तिची ड्यूटी आहे अशी माझी समजूत होती. पायऱ्या चढून वर आलो तर ती दगडाशेजारी पिशवी अंथरून बसलेली, हातात कोंबिनीतला तांदळाचा गोळा, अर्धा खाल्लेला. मला बघून ती दचकली. मी पण.

"तू येतोस इथे?" तिने विचारलं.

"येतो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

ती माझ्याकडे बघत राहिली. मी काही लपवून ठेवलं होतं आणि ते तिच्या हाती लागलं होतं, तशी. मला वाटलं रागावेल. तिचे डोळे भरून आले, पण तिने ते पुसले नाहीत. जरा सरकली आणि पिशवीवर जागा केली. मी बसलो. जमीन गार होती. खालच्या रस्त्यावरून शाळेची पोरं ओरडत चालली होती. ती म्हणाली, "आईंना सांग, इथलं गवत हिवाळ्यातपण मरत नाही म्हणून. त्या विचारत होत्या." मी म्हणालो, "तूच सांग." ती म्हणाली, "बरं."

मग तिने राहिलेला अर्धा गोळा माझ्यापुढे धरला. मला भूक नव्हती. मी घेतला. पुढची बस बरीच उशिरा होती, म्हणून आम्ही डोंगर चालतच उतरलो. वाटेत ती मुलीच्या शाळेतल्या बुटांबद्दल बोलत होती, ते लहान होऊ लागलेत, या आठवड्यात घ्यायला हवेत.